सिग्नस-ए : सक्रिय केंद्राचं चित्र म्हणावं, तर केंद्र जेमतेम दिसतंय!

रात्रपाळी

सिग्नस-ए या दीर्घिकेचं अमेरिकेतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बीण-समूहाने टिपलेलं, १९८४ साली प्रसिद्ध झालेलं रेडिओ चित्र इथल्या बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलं असेल. दोन बाजूंना दोन फुगीर लोब (केंद्रातून निघणाऱ्या झोतांनी फुगवलेले ढग), त्यांच्या टोकांना झगझगीत ठिपके, आणि मधोमध एक बारीक बिंदू. 'सक्रिय केंद्र' म्हणतात तो हा बिंदू, वायू गिळणाऱ्या कृष्णविवराची जागा. ५ गिगाहर्ट्झला या दीर्घिकेकडून जेवढी रेडिओ ऊर्जा पोचते, तिच्यात या बिंदूचा वाटा अर्धा टक्कासुद्धा नाही. बाकी जवळजवळ सगळी येते ती ताऱ्यांची वस्ती संपल्यावर पार बाहेर पसरलेल्या लोबमधून. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण चार लाख प्रकाशवर्षं.

ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हाही लोक गोंधळलेच होते. १९४६ साली जे. एस. हे (Hey) आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हंस (सिग्नस) तारकासमूहातून येणाऱ्या रेडिओ लहरींची तीव्रता झपाट्याने कमीजास्त होताना दिसली (तो चढउतार आपल्याच आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा, हे नंतर उमगलं). १९४८ साली बोल्टन आणि स्टॅन्ली यांनी समुद्रकड्यावरच्या अँटेनाने दाखवलं की उगम आकाशात ८ कलांहूनही (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) लहान जागेत आहे. १९५१ मध्ये ग्रॅहम स्मिथ यांनी नेमकं स्थान दिलं, त्यावरून बाडे आणि मिन्कोव्स्की यांनी पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीने तिथली अंधुक दीर्घिका शोधली. बाडेंच्या मते ती दोन दीर्घिकांची टक्कर होती, मिन्कोव्स्कींना ते पटेना. पैज लागली, व्हिस्कीच्या बाटलीची. वर्णपटात टकरीची खूण मानलेल्या उच्च आयनीभूत वायूच्या रेषा सापडल्यावर मिन्कोव्स्कींनी हार मानली. गंमत अशी की आज आपण टक्कर हे त्या रेडिओ लहरींचं कारण मानत नाही. म्हणजे बाटली बाडेंना फुकटच मिळाली म्हणायची.

ते दोघे दीर्घिकेकडे बघत असतानाच, १९५३ साली, जॉड्रेल बँकला जेनिसन आणि मृणालकुमार दासगुप्ता यांनी व्यतिकरणमापीने (दूरदूरच्या अँटेना जोडून केलेल्या यंत्राने) मोजून सांगितलं होतं की रेडिओ लहरी दोन वेगळ्या ठिकाणांहून येताहेत. दीर्घिका मध्ये, उगम तिच्या दोन्ही बाजूंना. मला हा शोध पैजेच्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठा वाटतो, पण गोष्ट म्हणून पैज लक्षात राहते, काय करणार.

तर माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो, मग खुशाल ठोका: रेडिओ दीर्घिकेचं चित्र बघून केंद्र आत्ता काय करतंय ते कळत नाही. गेल्या काही कोटी वर्षांत त्याने काय काय केलं, त्याचं ते साठलेलं खातं आहे. 'सक्रिय' हे विशेषण आपण जरा सढळ हाताने वापरतो.

शंकेखोर

धागा आवडला. माझी शंका बाळबोध आहे. केंद्रात कृष्णविवर. त्यातून प्रकाशही सुटत नाही. मग लाखो प्रकाशवर्षं दूर जाणारे हे झोत बाहेर पडतात कुठून?

रात्रपाळी

@शंकेखोर, विवराच्या आतून काहीच येत नाही. जे बाहेर फेकलं जातं त्याने घटनाक्षितिज, म्हणजे जिथून परत फिरता येत नाही ती हद्द, ओलांडलेलंच नसतं. वायू आत पडताना तबकडी तयार होते, ती सोबत चुंबकीय क्षेत्र ओढून आणते. विवर स्वतःभोवती फिरत असेल तर आजूबाजूचं अवकाशच सोबत फरफटतं, क्षेत्ररेषांना पीळ पडतो आणि त्या पिळातून विवराच्या फिरण्याची ऊर्जा बाहेर काढली जाते. ही मांडणी ब्लँडफर्ड आणि झ्नायेक यांची, १९७७ ची. १९८२ साली ब्लँडफर्ड आणि पेन यांनी तबकडीतूनच चुंबकीय रेषांवरून द्रव्य भिरकावलं जाण्याचा दुसरा मार्ग सुचवला. कुठल्या दीर्घिकेत कुठला मार्ग किती, यावर वाद चालू आहेत.

एम-८७ या दीर्घिकेत आपण या जागेच्या अगदी जवळ पोचलोय. २०१९ साली प्रसिद्ध झालेली विवराभोवतीच्या तेजस्वी कड्याची प्रतिमा १.३ मिलिमीटर तरंगलांबीची. २०२१ मध्ये त्याच कड्याचं ध्रुवीकरण (लहरींची कंपनं एकाच दिशेत असणं) दाखवलं गेलं, त्यावरून क्षितिजालगत सुसंघटित चुंबकीय क्षेत्र असल्याचं दिसलं. २०२३ मध्ये ३.५ मिलिमीटरवर कडं आणि झोताचं मूळ दोन्ही एकाच चित्रात आले. याच झोताला कर्टिस यांनी १९१८ साली छायाचित्रात एक 'विचित्र सरळ किरण' म्हणून नोंदवून ठेवलं होतं. शंभरेक वर्षं लागली त्याच्या बुडाशी जायला.

उगाचच

वाचतोय. रुमाल टाकून ठेवतो.

ऋणभार

मूळ लेखात रेडिओ लहरी 'येतात' एवढंच म्हटलंय, त्या निर्माण कशा होतात ते राहिलं. धागाकर्त्याचं म्हणणं खरं तर त्यावरच उभं आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

हे सिंक्रोट्रॉन प्रारण. प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेताना ऊर्जा बाहेर टाकतात. लोबमधलं क्षेत्र फार क्षीण असतं. दहा मायक्रोगॉस धरा, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राचा साधारण पन्नास हजारावा भाग. इतक्या क्षीण क्षेत्रात १ गिगाहर्ट्झच्या आसपास चमकायचं तर इलेक्ट्रॉनची ऊर्जा त्याच्या स्थिर वस्तुमानाच्या ऊर्जेच्या सुमारे पाच हजार पट लागते. हे तापलेल्या वायूचं प्रारण नाही, याच्या दोन खुणा: वारंवारता वाढेल तशी तीव्रता घातांकी नियमाने उतरत जाते (घातांक बहुधा उणे ०.७ च्या आसपास), आणि लहरी ध्रुवीकृत असतात. बाडेंनीच १९५६ मध्ये एम-८७ च्या झोताचा दृश्य प्रकाश ध्रुवीकृत असल्याचं दाखवलं, तेव्हा सिंक्रोट्रॉनबद्दलची शंका बरीचशी फिटली.

आता ऊर्जेचा हिशोब. एवढं प्रारण मिळण्यासाठी इलेक्ट्रॉन आणि चुंबकीय क्षेत्र मिळून कमीत कमी किती ऊर्जा लागेल, ते जेफ्री बर्बिज यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात काढलं. मोठ्या उगमांसाठी उत्तर १० चा ६० वा घात अर्ग (ऊर्जेचं एकक) इतकं जातं. साडेपाच लाख सूर्य पूर्णपणे ऊर्जेत बदलले तर एवढी ऊर्जा मिळेल. हायड्रोजनच्या संमीलनातून मिळवायची तर आठ कोटी सूर्यांचं इंधन, कारण संमीलनात वस्तुमानाचा जेमतेम ०.७ टक्के भाग ऊर्जा होतो. आणि हा खालचा आकडा! ताऱ्यांच्या भरवशावर हे भागणार नाही हे तेव्हाच दिसायला लागलं होतं. १९६४ मध्ये साल्पीटर आणि झेल्दोविच यांनी स्वतंत्रपणे, आणि १९६९ मध्ये लिंडन-बेल यांनी विवरात पडणाऱ्या वायूकडे बोट दाखवलं, त्यामागे क्वेसारांच्या (अतितेजस्वी सक्रिय केंद्रांच्या) तेजाबरोबर हाही तगादा होता.

धागाकर्त्याच्या 'साठलेल्या खात्या'ला या भौतिकीतच आधार आहे. जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आधी विझतात. दहा मायक्रोगॉसमध्ये १.४ गिगाहर्ट्झला चमकणारे इलेक्ट्रॉन सुमारे चार कोटी वर्षं पुरतात, १५० मेगाहर्ट्झचे बारा कोटींच्या घरात. म्हणून सिग्नस-एमध्ये टोकाच्या ठिपक्यांपासून केंद्राकडे सरकत गेलं की वर्णपट तीव्र उताराचा होत जातो. नवे इलेक्ट्रॉन टोकाला ऊर्जा घेतात आणि मागे राहिलेले म्हातारे होत जातात. सगळ्यात जुना माल केंद्राजवळ!

शंकेखोर

थांबा, म्हणजे झोत बंद झाला तरी लोब दिसत राहतील? धुराडं बंद केलं तरी वरचा धूर काही वेळ दिसतो तसं?

ऋणभार

हो. फक्त हा धूर कुठल्या वारंवारतेला बघता त्यावर त्याचं आयुष्य ठरतं. आणि एक पुस्ती: इलेक्ट्रॉन फक्त चुंबकीय क्षेत्रामुळे थकत नाहीत. विश्वाच्या सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीतल्या फोटॉनांना धडकूनही ऊर्जा गमावतात. हे नुकसान (१ + ताम्रसृती) च्या चौथ्या घाताने वाढतं; ताम्रसृती म्हणजे विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप, जितकी जास्त तितकी वस्तू दूर. ताम्रसृती ३ असेल तर आजच्या २५६ पट. त्यामुळे फार दूरच्या, म्हणजे फार जुन्या काळातल्या लोबची रेडिओ चमक लवकर मावळते आणि ते हिशोबातून निसटतात.

खडूस वाचक

सगळं छान चाललंय, पण मूळ विधान फारच सरसकट आहे. रात्रपाळींनी सिग्नस-एचं उदाहरण घेतलं कारण ते त्यांच्या सोयीचं आहे. ब्लेझार घ्या. ३सी-२७९ घ्या. तिथे सेंटिमीटर लहरींत केंद्राचंच राज्य असतं, लोब हुडकावे लागतात. काही महिन्यांत, कधी काही दिवसांत तेज बदलतं. ते कसलं कोट्यवधी वर्षांचं खातं? ते आत्ताचं, ताजं चित्र आहे.

ब्लेझार म्हणजे वेगळी जात नव्हे. झोत जवळजवळ आपल्याच दिशेने रोखलेला आहे, एवढंच. येणाऱ्या झोताचं तेज सापेक्षतेमुळे हजारो पटींनी वाढतं आणि जाणाऱ्याचं तेवढंच घटतं. ३सी-२७३ चा एकच झोत दिसतो तो याचमुळे. तेव्हा केंद्र दिसतं की लोब, हे दीर्घिकेच्या इतिहासावर कमी आणि आपण कुठे उभे आहोत त्यावर जास्त ठरतं.

रात्रपाळी

@खडूस वाचक, ब्लेझारांपुरतं पूर्ण मान्य. पण १७८ मेगाहर्ट्झला केलेली ३सीआर ही केंब्रिजची रेडिओ उगमांची यादी घेतलीत तर बहुतांश उगम लोबवालेच निघतात. कमी वारंवारतेला लोब जिंकतात, आणि लोब सगळ्या दिशांना सारखे चमकतात, म्हणून ती यादी दिशेच्या बाबतीत बऱ्यापैकी निःपक्षपाती. जास्त वारंवारतेला यादी केलीत की ब्लेझार भरतात. तुम्ही काय पाहता ते यंत्राची वारंवारता ठरवते, याबद्दल आपलं दुमत नसावं.

उगाचच

ब्लेझारांवरून आठवलं. या झोतांतले गोळे प्रकाशाच्या पाच-सहापट वेगाने जातात असं वाचलंय. ही लोणकढी थाप आहे का?

खडूस वाचक

थाप नाही, भूमिती आहे. कागद घ्या. एक गोळा प्रकाशाच्या ०.९८ पट वेगाने, आपल्या दृष्टिरेषेशी १० अंशांचा कोन करून निघाला. दहा वर्षांत तो ९.८ प्रकाशवर्षं गेला. त्यातली आपल्याकडे ९.६५, आडवी १.७. सुरुवातीचा प्रकाश निघाला त्यानंतर दहा वर्षांनी शेवटचा निघाला खरा, पण त्याला ९.६५ प्रकाशवर्षं अंतर कमी कापायचं आहे. म्हणून तो पहिल्याच्या मागोमाग फक्त ०.३५ वर्षाने पोचतो. आपल्याला काय दिसलं? ०.३५ वर्षात १.७ प्रकाशवर्षं आडवी हालचाल. भागाकार करा, प्रकाशाच्या ४.९ पट.

मार्टिन रीस यांनी हे १९६६ मध्ये, कुणी पाहायच्या आधी लिहून ठेवलं होतं. १९७१ मध्ये फार लांब अंतरांवरच्या दुर्बिणी जोडून ३सी-२७३ आणि ३सी-२७९ मध्ये ते दिसलं. एम-८७ च्या झोतात हबल दुर्बिणीने दृश्य प्रकाशातही सहापटीपर्यंतचा भासमान वेग मोजलाय.

ऋणभार

झोत एकतर्फी दिसण्याचा एक सुंदर पुरावा कमी सांगितला जातो. १९८८ मध्ये लेंग यांनी, आणि त्याच वेळी गॅरिंग्टन व सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्या बाजूला झोत ठळक दिसतो त्या बाजूच्या लोबचं ध्रुवीकरण जास्त टिकून असतं. कारण ती बाजू आपल्या जवळ. पलीकडच्या लोबच्या लहरी दीर्घिकेभोवतालच्या तप्त, चुंबकित वायूच्या जास्त जाड थरातून येतात आणि त्यांचं ध्रुवीकरण विस्कटतं. तेजाशी काही संबंध नसलेल्या मोजमापाने तेजाच्या गणिताला दुजोरा दिला.

अधांतरी

बराच वेळ वाचत होते, आता विचारतेच. क्वेसारांपैकी साधारण दहा टक्केच रेडिओत ठळक असतात म्हणतात. उरलेल्या नव्वद टक्क्यांकडेही विवर आहे, तबकडी आहे, मग झोत का नाही? की आहे आणि दिसत नाही?

ऋणभार

या धाग्यातला सगळ्यात अवघड प्रश्न विचारलात. ५ गिगाहर्ट्झची तीव्रता आणि निळ्या प्रकाशाची तीव्रता यांचं गुणोत्तर दहाच्या वर असेल तर रेडिओ-ठळक, नाहीतर रेडिओ-मंद, अशी केलरमन आणि मंडळींची १९८९ ची विभागणी अजून चालते. पण मंद म्हणजे गप्प नव्हे, थोडी रेडिओ ऊर्जा त्यांच्याकडूनही येतेच. माझ्या मते त्यातली बरीचशी तारानिर्मितीची आहे. मोठे तारे फुटतात, त्या धक्क्यांत इलेक्ट्रॉन ऊर्जा घेतात. दीर्घिकांच्या अवरक्त आणि रेडिओ तेजाचं जे घट्ट नातं आहे, त्यावर बरेच मंद क्वेसार बसतात.

खडूस वाचक

बरेच बसतात, सगळे नाहीत. काही मंद क्वेसारांमध्ये केंद्रापाशी इतका आटोपशीर रेडिओ गाभा सापडतो की तो सुपरनोव्हांच्या डोक्यावर थापता येत नाही. जवळच्या सेफर्ट दीर्घिकांत (क्वेसारांपेक्षा सौम्य सक्रिय केंद्रं असलेल्या) छोटे, अडखळलेले झोत सरळ दिसतात; एनजीसी १०६८ बघा. तबकडीवरचा तप्त किरीट (वायूचं विरळ आवरण) किंवा वारा आजूबाजूच्या वायूवर आदळून झालेले धक्के, हेही उमेदवार आहेत. 'बरीचशी तारानिर्मिती' हे वाक्य मी इतक्या आत्मविश्वासाने लिहिणार नाही.

ऋणभार

मी 'माझ्या मते' लिहिलंय, साहेब. एनजीसी १०६८ चा झोत मान्य. पण त्या दीर्घिकेची तबकडी तारानिर्मितीने फुललेली आहे आणि रेडिओत तिचाही वाटा आहे. हे वेगळं करायला दीर्घिकेच्या आत शिरून बघणारं रिझोल्यूशन लागतं, आणि ते दूरच्या क्वेसारांना दरवेळी मिळत नाही.

अधांतरी

दोघांचेही आभार. म्हणजे झोत का नाही याचं उत्तर अजून नाही, फक्त रेडिओ कुठून येतं यावर भांडण आहे. ठीक.

पाटीपेन्सिल

@अधांतरी, एक धागा हाती आहे: दणकट झोतवाल्या दीर्घिका बहुतेक लंबवर्तुळाकार असतात, सर्पिल फार विरळा. विवराचं वस्तुमान, फिरण्याचा वेग, चुंबकीय क्षेत्र किती साठलंय, यांपैकी काय निर्णायक यावर मतं आहेत. पण अपवाद सापडतात. २०११ मध्ये जाहीर झालेली स्पेका ही सर्पिल दीर्घिका पुण्याजवळची रेडिओ दुर्बीण जीएमआरटी आणि व्हीएलएच्या निरीक्षणांतून पुढे आली. तिच्याभोवती एकाहून जास्त वेळा झालेल्या उद्रेकांचे लोब आहेत.

आणि फॅनारॉफ-रायली वर्गीकरण अजून कुणी काढलं नाही याचं आश्चर्य वाटतं. १९७४, ३सीआरमधले ५७ उगम. सर्वांत तेजस्वी भाग केंद्राच्या जवळ असतील तर पहिला प्रकार, टोकांजवळ असतील तर दुसरा. इतकी साधी मोजणी, पण निघालं असं की तेजाच्या एका मर्यादेखाली पहिला प्रकार आणि वर दुसरा. पहिल्या प्रकारात झोत वाटेतच भोवतालचा वायू ओढून घेतो, मंदावतो, फिसकटतो (३सी-३१). दुसऱ्यात तो टोकापर्यंत जोमाने जाऊन आदळतो (सिग्नस-ए). अलीकडे लोफारने (कमी वारंवारतेची युरोपीय रेडिओ दुर्बीण) त्या मर्यादेच्या खूप खालीसुद्धा दुसऱ्या प्रकारच्या भरपूर दीर्घिका दाखवल्यात. मर्यादा आता तितकी कडक राहिलेली नाही.

उगाचच

एखाद्या विवराचा आवाज ऐकवणारी फीत फिरत असते. तो या रेडिओ लहरींचाच आवाज ना?

पाटीपेन्सिल

नाही. ती ययाती दीर्घिकासमूहाची. रेडिओ लोबांनी भोवतालचा तप्त वायू ढकलून पोकळ्या केल्यात, त्या चंद्रा वेधशाळेच्या क्ष-किरण चित्रांत दिसतात. त्या वायूतल्या दाबाच्या तरंगांवर ती फीत बेतलेली आहे. मूळ तरंगाचा आवर्तकाळ साधारण एक कोटी वर्षं. ऐकण्यासाठी वारंवारता कल्पनेपलीकडे चढवलीय. पण तिच्यापेक्षा पोकळ्या महत्त्वाच्या. पोकळीचं आकारमान आणि बाहेरचा दाब यांचा गुणाकार केला की झोताने किती काम केलं ते मिळतं. लोबमधल्या इलेक्ट्रॉनांबद्दल काहीही गृहीत न धरता! समूहांच्या मधला वायू थंड होऊन धडाधड तारे का बनत नाहीत, त्याचं उत्तर बहुतेक याच कामात आहे.

शंकेखोर

मग बंद पडलेली केंद्रं शोधायची कशी? आणि बंद पडून पुन्हा सुरू झालेली?

रात्रपाळी

@शंकेखोर, बंद पडलेली शोधायची तर १५० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पाहण्या घ्या. जीएमआरटीची टीजीएसएस आहे, लोफारची पाहणी आहे; २०२२ च्या टप्प्यात तिने ४४ लाखांवर उगम दिले. मग तीच जागा १.४ गिगाहर्ट्झला बघा. कमी वारंवारतेला ठसठशीत, जास्तीला जवळजवळ गायब, गाभा नाही, टोकांना ठिपके नाहीत, कडा पुसट: संशयित. एक सावधगिरी हवी. व्यतिकरणमापीत दोन अँटेनांमधलं सर्वांत कमी अंतर जेवढं, त्यावर ती किती पसरट वस्तू पाहू शकते हे ठरतं. व्हीएलएच्या लांब मांडणीत पसरट लोब सरळ गळतात. म्हणून 'जास्त वारंवारतेला दिसत नाही' म्हणण्याआधी ती प्रतिमा कुठल्या मांडणीतली आहे ते बघा, नाहीतर जिवंत दीर्घिकेचा पंचनामा कराल.

पुन्हा सुरू झालेल्यांची खूण म्हणजे एकाच रेषेत दोन जोड्या. बाहेर जुने, पुसट लोब आणि आत नवे, टोकदार. आतली जोडी जुन्या लोबच्या विरळ द्रव्यातून वाट काढते, म्हणून ती भराभर पुढे सरकते असं मानतात. बाहेरच्यांच्या वर्णपटावरून मधली विश्रांती किती होती याचा अंदाज बांधता येतो.

आणि खडूस वाचक काही म्हणोत, केंद्रात आत्ताच्या घडामोडी बघायलाही माझी ना नाही. सिग्नस-एमध्येच २०१५ च्या व्हीएलए निरीक्षणांत केंद्रापासून सुमारे दीड हजार प्रकाशवर्षांवर एक नवा रेडिओ बिंदू दिसला. १९९० च्या दशकातल्या निरीक्षणांत तो नव्हता. दुसरं विवर जागं झालं असावं असा एक तर्क आहे.

खडूस वाचक

दुसरा तर्क विलक्षण तेजस्वी सुपरनोव्हाचा होता, तोही लिहा.

रात्रपाळी

लिहिला असता. पण बिंदूचं तेज पाहता शोधकर्त्यांनीच तो कमी संभाव्य मानलाय.